हेलिपॅडवर इंधन कोण तपासतं? नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

विषय : तात्पुरत्या हेलिपॅडवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या इंधन यंत्रणेची सक्तीची तपासणी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या बेळगाव जिल्ह्यात हेलिकॉप्टर उतरणं ही आता नवलाई राहिलेली नाही. मे २०२३ ची विधानसभा आणि मे २०२४ ची लोकसभा, दोन्ही वेळी शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर फक्कीनं ‘एच’ काढले गेले, टँकरनं पाणी मारून धूळ बसवली गेली आणि पोरं सकाळपासून कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसली. सुवर्णसौधमध्ये, म्हणजे कर्नाटकाच्या इथल्या विधानभवनात, अधिवेशन भरलं की मंत्री येतात-जातात. अलीकडे तर वधू-वरांवर फुलं उधळायलाही हेलिकॉप्टर मागवतात. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी इथल्या माणसांना वाचवलं, ते आम्ही विसरणार नाही. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र हेलिकॉप्टरच्या विरोधात नाही. माझी सगळी नोकरी हेलिकॉप्टरच्या पोटाखाली पाठीवर पडून गेली आहे. सांबऱ्याला प्राथमिक प्रशिक्षण घेऊन मी हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि निवृत्त होऊन गावी परतलो. त्या नोकरीत जे शिकलो, त्याच्याच जोरावर लिहितोय.

माझं म्हणणं एकच आहे. हेलिकॉप्टरच्या इंधन यंत्रणेची तपासणी त्याच्या मूळ तळावर होते, पण हेलिकॉप्टर दिवसचे दिवस तळापासून लांब असतं. आमच्याकडे येणारी बहुतेक हेलिकॉप्टरं मुंबई किंवा बंगळूरूची. दोन्हीकडून हवाई अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास किंवा जास्तच. प्रचाराच्या दिवसांत ती इथंच मुक्काम करतात, पिंपातून इंधन भरून घेतात आणि दिवसातून चार-पाच सभांना माणसं पोचवतात. या काळात इंधनाच्या टाकीत, गाळणीत, मापकात काय चाललंय हे पाहणारा तळावरचा माणूस सोबत असतोच असं नाही. वजन आणि जागा वाचवायची म्हणून अभियंत्याला मागे ठेवलेलं मी पाहिलं आहे. मग सकाळची तपासणी वैमानिक करतो, सहीही तोच करतो, आणि उडतोही तोच.

निवडणुकीत भरारी पथकं हेलिकॉप्टरमधल्या बॅगा उघडून पाहतात. पैसा वाटला जाऊ नये म्हणून ते व्हायलाच हवं. त्याच मैदानावर, त्याच पथकाच्या डोळ्यांसमोर, पाच पावलांवर पिंपातून टाकीत काय ओतलं जातंय हे बघायला मात्र कुणीच नेमलेलं नाही.

पिंपाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. आपल्या कार्यालयाला यातलं काही नवीन नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या आमच्या भागातल्या माणसांना ते कळायला हवं. २०० लिटरचं पिंप उभं ठेवलं आणि त्यावर पाऊस पडला, की वरच्या कडेच्या आत पाणी साचतं. रात्री पिंप गार होतं, आतली हवा आकुंचते, आणि बुचाच्या आट्यातून ते पाणी आत ओढलं जातं. बूच घट्ट असलं तरी. म्हणून पिंप आडवं ठेवायचं, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असं, म्हणजे ती आतून इंधनाखाली राहतात. वापरायच्या आधी पिंप उभं करून, किंचित कलतं ठेवून, पाणी आणि गाळ तळाशी बसू द्यायचा. टर्बाइनच्या इंधनाला साधारण एक फूट खोलीमागे एक तास लागतो, म्हणजे भरलेल्या पिंपाला तीन तास. पंपाची नळी तळापर्यंत न्यायची नाही. गाळणी अशी हवी की पाणी आलं तर ती प्रवाह अडवेल. आणि पिंप, पंप, हेलिकॉप्टर एकमेकांना तारेनं जोडल्याशिवाय नोझल टाकीत घालायचं नाही, कारण वाहत्या इंधनात स्थिर वीज तयार होते.

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जो पाऊस पडतो, तो आपण पाहिला असेल. चार महिने हवेतच पाणी असतं. उलट अथणी, रायबागकडे मे महिन्यात पारा चाळिशीला जातो. टर्बाइनच्या जेट ए-१ या इंधनाचा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सियस असतो, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते. एकाच जिल्ह्यात एका टोकाला इंधनात पाणी शिरायचा धोका आणि दुसऱ्या टोकाला उन्हात तापलेलं पिंप. तळावरच्या बंदिस्त टाकीसाठी केलेली तपासणी या दोन्हींना पुरत नाही.

आता नमुन्याबद्दल. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी, हेलिकॉप्टर हलवण्याआधी, टाकीच्या सगळ्यांत खालच्या ठिकाणाहून इंधन काढायचं, पारदर्शक काचेच्या बरणीत घ्यायचं, गरगर फिरवायचं आणि भोवऱ्याच्या टोकाशी काय जमतंय ते पाहायचं. पाणी असेल तर थेंब तळाशी लोळतात, कचरा असेल तर मधोमध गोळा होतो. नव्या पोरांना मी एक गोष्ट आवर्जून सांगायचो. बरणीत निव्वळ पाणीच आलं असेल तर तेसुद्धा स्वच्छ आणि चकचकीत दिसतं. थेंब दिसत नाहीत, रेघ दिसत नाही, माणूस समाधानानं मान डोलावतो. म्हणून डोळ्यावर विसंबायचं नाही. पाणी ओळखणारी कॅप्सूल लावून बघायची, तिचा रंग बदलतो. सुट्या पाण्याची मर्यादा दहा लाख भागांत ३० भाग आहे, आणि एवढं सूक्ष्म पाणी नुसत्या नजरेला खात्रीनं कळत नाही. ही कॅप्सूल काही महाग वस्तू नाही. सगळा खटाटोप पाच-सात मिनिटांचा आहे.

ही पाच-सात मिनिटं गाळलेली मी निवृत्तीनंतर इथंच पाहिली. एका मोठ्या गावच्या मैदानावर वळवाचा पाऊस नुकताच पडून गेला होता. पिकअपमध्ये पिंपं उभी होती, वरती पाणी साचलेलं. एका पोरानं ते पाणी फडक्यानं पुसलं, बूच उघडलं आणि हातपंप लावला. बरणी नाही, कॅप्सूल नाही. मी बंदोबस्तावरच्या पोलिसाला म्हटलं, “ह्यांना नमुना काढायला सांगा की ओ.” तो म्हणाला, “काका, आम्हाला गर्दी मागं सरायला सांगितलंय. त्यातलं आम्हाला काय कळतंय?” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला तसा हुकूमच नव्हता. ते हेलिकॉप्टर सुखरूप उडून गेलं. पण ज्या उड्डाणात काही होत नाही, त्याचा अहवाल कुणी लिहीत नाही, आणि आपल्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

पाणी इंजिनात गेलं तर इंजिन विझतं, एवढं सगळ्यांना समजतं. पाण्याचा दुसरा दगाफटका, म्हणजे ते इंधन मापकालाही फसवतं, हा कमी लोकांना माहीत आहे. मापकांकडे लक्ष गेलं ते एका अपघातानंतर, म्हणून आधी तो सांगतो. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री ग्लासगो शहरात पोलिसांचं ईसी-१३५ जातीचं हेलिकॉप्टर क्लुथा नावाच्या पबच्या छपरावर कोसळलं. हेलिकॉप्टरमधले तीन आणि पबमधले सात, असे दहा जण गेले. चौकशीत आढळलं की दोन्ही इंजिनं इंधनावाचून बंद पडली होती, पण मुख्य टाकीत ७६ किलो इंधन शिल्लक होतं. मुख्य टाकीतून इंजिनांच्या पुरवठा टाक्यांत इंधन नेणारे पंप बंद होते. इंधन कमी असल्याचे इशारे कॉकपिटमध्ये पुन्हा पुन्हा आले होते. वैमानिकानं असं का केलं असावं, हे २०१५ च्या तांत्रिक अहवालाला ठामपणे सांगता आलं नाही.

त्या अपघाताला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ब्रिटनमध्ये त्याच जातीच्या दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये इंधन मापकाचा दोष सापडला. मापक खऱ्यापेक्षा जास्त इंधन दाखवत होता. ते चालवणाऱ्या कंपनीनं आपली ईसी-१३५ हेलिकॉप्टरं तपासणीसाठी उड्डाणाबाहेर ठेवली आणि युरोपच्या नियामकांनी या जातीच्या इंधन-मापन यंत्रणेची तपासणी सक्तीची केली. मला या पत्रातून ज्या प्रकारची सक्ती हवी आहे, ती हीच. यात पाण्याचा संबंध कसा येतो तो सांगतो. टाकीतले हे संवेदक विद्युतधारकतेवर चालतात. दोन नळ्यांच्या मधल्या जागेत हवा किती आणि इंधन किती, यावरून पातळी ठरते. इंधनाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे वीज साठवायला किती मदत होते तो आकडा, २ च्या आसपास, पाण्याचा ८० च्या. म्हणजे थोडंसं पाणी संवेदकाच्या तळाशी साचलं, तरी यंत्राला टाकी भरल्यासारखी वाटते. वैमानिक काट्यावर विश्वास ठेवून निघतो आणि टाकीत तेवढं इंधन नसतं.

प्रचाराच्या दिवसांत हे जास्त घातक का, ते पाहा. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे दिवसाच्या दृश्य उड्डाणात, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून केलेल्या उड्डाणात, हेलिकॉप्टरला शेवटी २० मिनिटांचं राखीव इंधन हवं. नेत्याचं भाषण लांबतं, पुढच्या मैदानावर गर्दी आत घुसते, वैमानिकाला वर घिरट्या घालाव्या लागतात. अशा वेळी त्या २० मिनिटांतलं प्रत्येक मिनिट काट्यावरून मोजलं जातं. काटाच खोटं बोलत असेल तर वैमानिक कितीही हुशार असला तरी काय करणार? म्हणून मापक प्रत्यक्ष भरलेल्या इंधनाशी ताडून पाहणं, म्हणजे किती लिटर ओतलं आणि काटा किती चढला हे दर वेळी लिहून ठेवणं, सक्तीचं हवं. लिटरचं किलोत रूपांतर करून वजाबाकी करायची, एवढंच काम आहे. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की उड्डाण थांबायला हवं.

तिसरा भाग आगीचा आहे, आणि तो लिहिताना मला सगळ्यांत जड जातं. हेलिकॉप्टर आदळूनही आतली माणसं जिवंत राहू शकतात. बऱ्याचदा राहतातही. मग टाकी फाटते, इंधन सांडतं, ठिणगी पडते. मार्च २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात बुली टॉप्स इथं रॉबिन्सन आर-४४ हेलिकॉप्टर उतरताना झाडाला लागून आदळलं, आग भडकली आणि चौघांचा जीव गेला. त्या जातीच्या जुन्या हेलिकॉप्टरांत ताठ ॲल्युमिनियमच्या टाक्या होत्या. त्यात लवचिक रबरी पिशवीसारखं अस्तर बसवा, असं उत्पादकानं २०१० मध्येच सेवा पत्रकातून कळवलं होतं आणि त्यासाठी काही वर्षांची मुदत दिली होती. अपघातानंतर ऑस्ट्रेलियाच्या नियामकांनी ठरवलं की ३० एप्रिल २०१३ नंतर असं अस्तर नसलेलं आर-४४ उडणार नाही. उत्पादकाचं पत्रक सल्ला असतं, नियामकाचा आदेश कायदा असतो. त्या दोहोंच्या मधल्या काळात ते चौघं गेले.

अमेरिकेत टक्कर सहन करणाऱ्या इंधन टाक्यांचा नियम १९९४ मध्ये आला, पण तो फक्त नव्यानं प्रमाणित होणाऱ्या जातींना. जुन्या प्रमाणपत्रावर हेलिकॉप्टरं बनतच राहिली. ३ जुलै २०१५ ला कोलोराडोतल्या फ्रिस्को इथं रुग्णसेवेचं हेलिकॉप्टर उड्डाण घेताच कोसळलं. इंधनानं पेट घेतला, वैमानिक गेला आणि परिचारक भयंकर भाजला. त्यानंतर कुठं २०१८ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला की ५ एप्रिल २०२० पासून बनणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये अशी यंत्रणा असलीच पाहिजे. आणि हे तंत्र तेव्हा नवीन होतं असंही नाही. अमेरिकी लष्करानं १९७० च्या सुमारास आपल्या हेलिकॉप्टरांत अशा टाक्या बसवायला सुरुवात केली होती, आणि जगता येण्यासारख्या अपघातांत भाजून मरणं जवळजवळ थांबलं होतं.

आपल्या नोंदवहीतल्या प्रत्येक नागरी हेलिकॉप्टरमध्ये कोणती टाकी आहे, ती टक्कर सहन करणारी आहे की नाही, हे जनतेला पाहता येईल असं प्रसिद्ध करा, ही माझी विनंती आहे. लग्नाला हेलिकॉप्टर मागवणारा बाप बँडवाल्याचं नाव विचारून ठरवतो. त्यानं हेही विचारावं, आणि त्याला उत्तर मिळावं.

कुणी म्हणेल, नियम तर आहेतच. उड्डाण पुस्तिकेत रोजचा नमुना लिहिलेला आहे, आपल्या नागरी उड्डाण आवश्यकतांत सक्तीच्या सुधारणा आणि तपासण्यांचा स्वतंत्र भाग आहे, परदेशी नियामकांचे आदेश आपल्याकडेही पाळावे लागतात. हे सगळं खरं आहे आणि मला ते मान्य आहे. पण ज्यानं तपासायचं त्यानंच सही करायची आणि दुसऱ्या कुणी बघायचं नाही, ही तपासणी कागदावर राहायला वेळ लागत नाही. हवाई दलात एफ-७०० या देखभालीच्या नोंदवहीत माझी सही झाली की वरिष्ठाची दुसरी सही लागायची. ती माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हती. थकलेल्या माणसाच्या हातून काय सुटतं, हे जाणून केलेली ती व्यवस्था होती. गावच्या मैदानावरही थकलेला माणूसच असतो, फक्त दुसरी सही नसते.

ही दुसरी सही कशी आणता येईल, तेही सुचवतो. तात्पुरत्या हेलिपॅडला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. सार्वजनिक बांधकाम खातं जागा तयार करतं, पोलीस बंदोबस्त देतात, अग्निशमन गाडी उभी राहते. त्या परवानगीलाच इंधनाची अट जोडा. हेलिकॉप्टर उतरल्यापासून ते जिल्हा सोडेपर्यंत एक इंधन पत्रक चालू ठेवायचं. पिंप कधी भरलं, कुठं ठेवलं, नमुना कधी काढला, कॅप्सूलचा रंग काय आला, किती लिटर भरलं, काटा किती चढला, सगळं त्यात. त्यावर वैमानिकाशिवाय आणखी एका प्रशिक्षित माणसाची सही. पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आपल्या प्रादेशिक कार्यालयाकडे. इंधन भरताना इंजिन बंद, अगदी घाई असली तरी, कारण कंपाउंडवर शाळेची पोरं बसलेली असतात. आणि अग्निशमन गाडीत फेस असलाच पाहिजे, इंधनाच्या आगीवर नुसतं पाणी मारून ती पसरते. तिथल्या पोलिसांना आणि जवानांना द्यायच्या सूचना कन्नड आणि मराठी दोन्हींत असू द्या. आमच्याकडच्या मैदानावर पळापळ झाली तर माणसं दोन्ही भाषांत ओरडतात.

याखेरीज तळ सोडून आठवड्याहून जास्त काळ बाहेर राहणाऱ्या हेलिकॉप्टरची गाळणी, टाकीचा तळ, संवेदक आणि नळ्यांचे सांधे यांची तपासणी परवानाधारक अभियंत्याकडून, आहे त्या ठिकाणी, व्हायला हवी. मुंबईचं हेलिकॉप्टर बेळगावात असेल तर ते कुणाच्या नजरेखाली, मुंबईच्या कार्यालयाच्या की बंगळूरूच्या, हे लेखी ठरवून द्या. सीमेवर राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना दोन दारांमध्ये ताटकळायची सवय पिढ्यान्‌पिढ्या लागली आहे. रस्त्यासाठी, शाळेसाठी, कागदासाठी आम्ही ते सोसलं. नागरी उड्डाण हा केंद्राचा विषय आहे, यात कुठल्याही राज्याच्या दाव्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे निदान इथं तरी कामाची टोलवाटोलवी होऊ नये.

१ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे आणि सुरक्षेसाठी आदेश काढायचा अधिकार त्यात आपल्याला आहे. नवा कायदा लागत नाही, एक आदेश पुरतो.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न येईल. आमच्या भागात घरटी एक फौजी आहे. हवाई दलातून आणि नौदलाच्या विमान शाखेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडे आहेत. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप बनवणारी पोरं तेलातला कचरा मायक्रॉनमध्ये मोजतात. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन यांच्यातून इंधन साक्षीदारांची यादी करता येईल, आणि तालुक्याच्या ठिकाणी निदान दोघं तरी तयार असतील. माझ्या ओळखीतले जुने सहकारी आणि मी स्वतः या कामाला मानधनाशिवाय उभे राहू. प्रशिक्षण कुठं आणि कधी, एवढं बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कळवा. २०२८ च्या विधानसभेचा प्रचार सुरू होण्याआधी आदेश निघाला, तर बरणी, कॅप्सूल आणि पत्रकं घेऊन माणसं मैदानावर वेळेत हजर असतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बेळगाव तालुक्यातील एक निवृत्त हवाई दल तंत्रज्ञ